जुन्या बाजारांतील वस्तु व शेतकऱ्याची हातकारागिरी

आठवड्याच्या बाजारांत भाजीपाला, बीबियाणें व जनावरें यांच्या रांगा संपल्या म्हणजे बहुधा कडेच्या एखाद्या झाडाखालीं जुनेंपुराणें सामान विकणाऱ्यांच्या पथाऱ्या दिसूं लागतात. मोडक्या सायकली, गंजलेले कमानपाटे, दाराच्या चौकटी, कल्हई उडालेलीं पातेलीं, कंदिलांचीं बुडें, रिकामीं पिंपें असा नाना प्रकारचा माल तेथें मांडलेला असतो. पुष्कळ कास्तकार त्याकडे भंगार म्हणून नजर टाकतात व पुढें जातात. कांहीं थोडे मात्र तेथेंच बसकण मारतात, एखादी वस्तु उचलून उलटीसुलटी करून पाहतात आणि ती आपल्या कोणत्या कामास येईल याचा विचार करूं लागतात. अशा मंडळींस चार उपयोगी गोष्टी कळाव्या व इतरांसहि त्यांच्यांत सामील होण्याची इच्छा व्हावी, एवढ्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

सुगी आटोपल्यापासून मृग लागेपर्यंत कोरडवाहू शेतकऱ्यास थोडीबहुत सवड सांपडते. त्या दिवसांत ओसरीवर हातोडी, करवत व कानस घेऊन बसावें, पोराबाळांस हाताखालीं घ्यावें आणि चार आण्यांच्या मोलाची म्हणून टाकलेली वस्तु पुन्हां कामास लावावी, यांत जी मौज आहे ती केल्यावांचून कळत नाहीं. पैसा वांचतो तो वेगळाच. तथापि या नादांत नुकसान व अपाय होण्याच्याहि जागा आहेत, आणि त्या ओळखण्याचा मार्ग एकच आहे.

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. जमीन घेणारा शहाणा मनुष्य आधीं सातबाराचा उतारा पाहतो, मग फेरफाराच्या नोंदी मागें मागें चाळीत जातो. जमीन कोणाकडून कोणाकडे आली, कोणत्या कारणानें आली, तिच्यावर कोणाचा बोजा आहे कीं काय, हें सर्व पाहून मगच तो इसाराची रक्कम काढतो. जुन्या वस्तूसहि हाच न्याय लावावा. ती पूर्वीं कोणत्या कामाची होती, तिच्यांत काय भरलें जात होतें आणि ती विकणाऱ्याच्या हातीं कशी आली, या तीन प्रश्नांचा उलगडा झाल्यावांचून तिला घरांत घेऊं नये. तिचें नवें रूप काय असावें, हा प्रश्न त्यानंतरचा.

प्रथम लोखंडाची गोष्ट घेऊं. मालमोटारीच्या चाकांवर जे एकावर एक रचलेले कमानपाटे असतात, ते तुटले किंवा बसले म्हणजे भंगारांत येतात. हा पाटा वर्षानुवर्षें वांकला आणि पुन्हां सरळ झाला. असें लवचिक काम साध्या लोखंडाच्या हातून होत नाहीं. नरम लोखंडांत कर्बाचें प्रमाण शेंकडा पाव भागाहूनहि कमी असतें, म्हणून त्याचें खुरपें कितीहि ठोकलें तरी धार धरीत नाहीं. कमानपाट्याच्या पोलादांत कर्ब शेंकडा अर्धा भाग किंवा त्याहून थोडा अधिक असतो. आपले घिसाडी व लोहार कोयते, विळे, कुऱ्हाडी व खुरपीं यांसाठीं हा पाटा आवडीनें घेतात, त्याचें कारण हेंच. लोखंडाची जात ठाऊक नसल्यास तें साणेच्या यंत्रावर धरून पाहावें. पोलादाच्या ठिणग्या पुढें जाऊन फुलबाजीप्रमाणें फुटतात. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब व सरळ जातात व क्वचितच फुटतात. बिडाच्या ठिणग्या आंखूड व तांबूस असतात. ही परीक्षा करतांना डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा.

पाटा निवडतांना मात्र एक गोष्ट ध्यानांत धरावी. जो तुटून आला आहे त्याला तुटलेल्या जागेच्या आसपास आणखी बारीक तडे असण्याचा संभव असतो. यासाठीं मधल्या भोंकापासून व तुटलेल्या टोंकापासून दूरचा तुकडा कापून घ्यावा. घडण झाल्यावर लोहार पातें तांबडेंलाल करून पाणी देतो. या जातीच्या पोलादास खरोखरीचें पाणी न वापरतां तेलांत बुडविणें बरें; पाण्यांत त्यास तडा जाण्याचें भय असतें. बुडविलेलें पातें कांचेसारखें कडक व ठिसूळ होतें, म्हणून तें घांसून चकचकीत करावें व मंद आंचेवर पुन्हां ऊन करावें. तेव्हां त्याच्यावर रंग चढत जातात. आधीं गव्हाच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा व शेवटीं निळा. पहिला रंग सुमारें २३० अंश सेंटिग्रेडवर दिसतो आणि निळा सुमारें ३०० अंशांवर. विळ्याखुरप्यास तपकिरी ते जांभळ्याच्या दरम्यान थांबावें. कुऱ्हाडीस घाव सोसावयाचे असतात म्हणून ती निळसर होऊं द्यावी. हें काम आपण स्वतः न केलें तरी चालेल. पण लोहाराच्या भात्याशेजारीं उभें राहून रंग पाहण्याची संवय करावी. त्याचा हात कसा चालतो हें पाहण्यांत एक सकाळ कशी जाते तें समजत नाहीं.

आतां सायकलीकडे वळूं. महाराष्ट्रांत गेल्या कांहीं वर्षांत सायकलचें कोळपें पुष्कळ गांवीं दिसूं लागलें आहे. बैलजोडी पाळणें अनेकांस जड झालें, मजूर वेळेवर मिळेनासे झाले आणि दोन-चार एकरांच्या तुकड्यास यंत्र घेणें परवडेना. अशा वेळीं कोणा कल्पक माणसांनीं जुन्या सायकलीचें पुढचें चाक काढून त्यामागें फास जोडली. हें अवजार घरीं करतां येतें, व एकदां केलें कीं शेजारी मागावयास येतात.

सायकल घेतांना तिची सीट, साखळी वा पायट्यांकडे पाहूंच नये. त्यांचें आपणांस काम नाहीं. पुढचें चाक, त्याचा चिमटा आणि हँडल हीं तीन पाहावीं. चाक उचलून फिरवावें. तें डुलत असेल तर आरे आवळून घेतां येतात, पण घाट वांकली असेल तर तें चाक सोडून द्यावें. चाकाच्या आंसांतील छरे काढून रॉकेलनें धुवावे, झिजलेले बदलावे व नवें वंगण भरावें. टायर ठेवलें तरी चालतें. हवेची भानगड नको असेल तर फुटक्या टायरांत दुसऱ्या जुन्या टायराची पट्टी ठासून भरावी.

चिमट्याच्या मागें सांगाड्याची नळी घेऊन तिच्या टोंकास हँडल असें बसवावें कीं, उभ्यानें ढकलणाऱ्याच्या कमरेच्या किंचित् वर त्याच्या मुठी येतील. जुन्या कोळप्याच्या रुमण्यास जी उंची लागत असे ती येथें लागत नाहीं, कारण येथें दाबण्याऐवजीं ढकलावयाचें असतें. घरांतील पुरुष व बाया दोघेंहि चालविणार असतील तर नळींत दोन-तीन भोंकें पाडून हँडल खालींवर करण्याची सोय ठेवावी. ही सोय न केल्यास उंच माणसाच्या बेतानें केलेलें अवजार बुटक्या माणसाच्या खांद्यांचा जीव घेतें. आणि खुरपणी-कोळपणीचा मोठा भार बायांवरच असतो, हें आपण सर्व जाणतों.

फास ही या अवजाराचा जीव होय. ती कमानपाट्याच्या पातळ पट्टीची किंवा जुन्या करवतीच्या पात्याची करावी. तिची रुंदी पिकाच्या दोन ओळींतील अंतरावरून ठरवावी. दोन्ही बाजूंस रोपापासून सुमारें तीन-तीन इंच जागा सुटली पाहिजे. म्हणजे अठरा इंचांवर पेरलेल्या सोयाबिनास बारा इंचांची, व बारा इंचांवर पेरलेल्या हरभऱ्यास सहा इंचांची फास. दोन फाशी करून ठेवाव्या व बोल्ट काढून बदलाव्या. फास चाकाच्या जितकी जवळ तितकी खोली सारखी राहते. ती दूर गेली कीं चाक ढेकळावर चढतांच फास वर उचलली जाते व ओळीचा तुकडा तसाच राहतो. धारेची कड किंचित् खालीं झुकलेली असावी. फार झुकली तर फास मातींत घुसते व माणूस दमतो. मुळींच झुकली नाहीं तर ती तणावरून घसरत जाते. म्हणून पट्टीस एकाऐवजीं तीन-चार भोंकें पाडावीं आणि शेतांत नेऊन, दहा पावलें चालवून, कोणत्या भोंकावर ती इंचभर खोलीनें सरळ चालते हें पाहून मग बोल्ट आवळावा. यंत्रशाळेंत बसून हा कोन ठरत नाहीं. प्रत्येक जमिनीचा तो निराळा असतो.

वाफसा आल्यावांचून हें कोळपें काळ्या जमिनींत नेऊं नये; चिखल फाशीस व चाकास बसतो आणि सारी मेहनत वायां जाते. तण दोन-चार पानांचें असतांनाच चालवावें. हरळी व लव्हाळा यांच्यापुढें याचा इलाज नाहीं; लव्हाळ्याचा शेंडा कापला तरी जमिनींतल्या गांठीपासून तो पुन्हां फुटतो. परंतु कोंवळें वार्षिक तण यानें चांगलें मरतें, शिवाय वरची माती भुसभुशीत होऊन भेगा बुजतात व ओल टिकते. एक कोळपणी म्हणजे अर्धें पाणी, असें जाणते शेतकरी म्हणतात तें याचसाठीं.

येथें एक गोष्ट आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें होतें. पुढें त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर केले आणि १९१० सालीं कुंडल रोडच्या माळावर कारखाना वसविला. सायकल व शेतीचें अवजार यांचा आपल्या प्रांतांतील संबंध असा जुना आहे.

लाकडाविषयीं थोडक्यांत सांगतों. जुने वाडे पाडले जातात तेव्हां सागवानी तुळया, दारें व खिडक्यांच्या चौकटी स्वस्तांत मिळतात. सागाच्या गाभ्यास वाळवी सहसा लागत नाहीं. पण कडेचा फिकट भाग तितकाच कच्चा असतो. चाकूचें टोंक दाबून पाहावें. बारीक भोंकांखालीं ताज्या पिठाची रास दिसली तर भुंगा जिवंत आहे असें समजावें व तें लाकूड घरच्या लाकडांजवळहि ठेवूं नये. करवत लावण्यापूर्वीं खिळे सगळे काढावे. जुना रंग सुका खरवडूं नये व दिव्यानें जाळूंहि नये, कारण त्यांत शिसें असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये असा नियम आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगाचा भरंवसा नाहीं. रंग ओला करून घांसावा, पोरांस दूर ठेवावें व निघालेला गाळ शेतांत टाकूं नये. शेवटीं जवसाचें तेल चोळलें म्हणजे सागाचा मूळ रंग खुलून येतो. मात्र तेल चोळलेल्या चिंध्या बोळा करून टाकूं नयेत. जवसाचें तेल हवेनें वाळतांना उष्णता सोडतें, आणि बोळ्यांत ती कोंडून चिंधी आपोआप पेट घेते. गंजीजवळ किंवा गोठ्यांत असा बोळा पडला तर काय होईल हें सांगावयास नको. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यांत बुडवून ठेवाव्या.

पितळेचीं जुनीं पातेलीं चिंच लावून घांसलीं म्हणजे सोन्यासारखीं होतात, पण कल्हईवांचून त्यांत ताक वा आमटी ठेवली तर ती कळकते. कल्हईवाला शुद्ध कथील वापरतो कीं त्यांत शिसें मिसळतो, हें पाहणें अगत्याचें आहे. कथलाची कांडी कानाजवळ धरून वांकविली तर करकर असा आवाज येतो. शिशाची मुकाट्यानें वांकते, आणि कागदावर ओढली तर काळसर रेघ उमटविते. ही परीक्षा त्याच्या देखत करावी. प्रामाणिक कारागीर रागावत नाहीं.

जुनेराच्या गोधडीविषयीं पुरुषांनीं लिहिणें म्हणजे आगाऊपणाच होय. बाजारांतून आणलेलीं लुगडीं व धोतरें उकळत्या पाण्यांतून काढून कडक उन्हांत वाळवावीं, एवढेंच सांगून हा विषय ज्यांचा त्यांच्या हातीं देतों.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे वस्तूंत पूर्वीं काय भरलें होतें याकडे, येतों. निळीं पिंपें, पत्र्याचे डबे व प्लास्टिकच्या बरण्या बाजारांत ढिगांनीं मिळतात. दिसावयास त्या नव्यासारख्या असतात, आणि पाणी, धान्य वा तेल ठेवण्यास कोणासहि त्यांचा मोह होतो. जमिनीवरचा बोजा निदान उताऱ्यावर लिहिलेला असतो. येथें लेबल फाडलें कीं बोजा दिसेनासा होतो, पण फिटत नाहीं. कीटकनाशकें प्लास्टिकच्या अंगांत मुरतात. साबण, सोडा व राख यांनीं दहादां धुतलें तरी तीं पूर्णपणें निघत नाहींत, व पुढें आंतल्या पदार्थांत हळूहळू उतरतात. बिहारांत सारण जिल्ह्यांतील एका शाळेंत १६ जुलै २०१३ रोजीं दुपारचें जेवण जेवून २३ मुलें मेलीं. त्या अन्नांत व स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक आढळलें, आणि तेल अशा औषधाच्या जुन्या डब्यांत ठेवलें गेलें असावें असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. मोनोक्रोटोफॉस हें नांव आपल्या कापूस पिकविणाऱ्या वाचकांस अपरिचित नाहीं.

कीटकनाशक नियम, १९७१ यांतील ४४ व्या नियमाप्रमाणें औषधाचीं रिकामीं भांडीं पुन्हां वापरांत येऊं नयेत अशा रीतीनें मोडून वस्तीपासून दूर पुरावयाचीं असतात. तेव्हां आपण स्वतःहि असा डबा भंगारवाल्यास विकूं नये. फवारणी झाल्यावर तो तीन वेळां पाण्यानें विसळावा, तें पाणी फवाऱ्याच्या टाकींतच ओतावें आणि डब्यास बुडाशीं भोंकें पाडावीं. ज्या डब्यास भोंक आहे त्याचें तेलाचें भांडें होत नाहीं. पिंप विकत घ्यावयाचेंच असेल तर तें खाद्यतेल, काकवी किंवा फळांचा रस यांचें असल्याची खात्री पटल्यासच घ्यावें. विकणारा सांगूं शकत नसेल तर पाण्यासाठीं, धान्यासाठीं किंवा जनावरांच्या गव्हाणीसाठींहि घेऊं नये. डिझेल वा पेट्रोलच्या पिंपाची चूल किंवा कोठी करावयाची म्हणून तें गॅसनें कापणें अगर वेल्डिंग करणें हा तर मृत्यूशीं खेळ आहे. रिकाम्या पिंपांतील वाफ भरलेल्या पिंपापेक्षां अधिक भयंकर असते व ठिणगी पडतांच स्फोट होतो. मोटारीच्या जुन्या बॅटरींतील शिसें घरीं वितळवूं नये, आणि छपराचे जुने सिमेंटचे पत्रे करवतीनें कापूं नयेत. त्यांत बहुधा ॲसबेस्टॉस असतें व त्याची धूळ फुप्फुसांत कायमची बसते.

तिसरा प्रश्न, वस्तु विकणाऱ्याकडे आली कशी. विहिरीवरच्या मोटारी, पंप व तांब्याच्या तारा यांच्या चोऱ्या खेड्यापाड्यांत होत असतात, आणि तोच माल स्वस्तांत मिळाला म्हणून दुसरा शेतकरी घेतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणें हा गुन्हा असून तो पूर्वीं दंडविधानाच्या ४११ कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमांत आला आहे. मोटारीवरचा क्रमांक घासलेला असेल तर तेथून उठावें. घेतलेल्या मालाची पावती, विकणाऱ्याचें नांव व गांव यांसह, अवश्य घ्यावी.

याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. कांहीं वस्तु अशा असतात कीं त्यांस नवें रूप देऊंच नये. पितळतांब्याच्या मोडींत अक्षरें कोरलेला पत्रा दिसला तर तो ताम्रपट असूं शकतो. तो वितळविणें म्हणजे इतिहासाचें एक पान जाळणें होय. जमिनींत पुरलेलें द्रव्य सांपडलें तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें कलेक्टरास वर्दी द्यावी लागते, हें नांगरणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें. पुण्यास दिनकर केळकर यांनीं जुन्या घरांतून अडकित्ते, दिवे, कुलपें, दौती असल्या रोजच्या वापरांतील वस्तु जन्मभर जमविल्या व आपल्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांचें संग्रहालय केलें. तें एकदां पाहून आलेला मनुष्य जुना दिवा फोडून त्याचें फुलदाण करण्यापूर्वीं दोनदां विचार करील.

आतां हिशेबाचें एक सांगणें उरलें. कारकुनाची संवय जात नाहीं, म्हणून वाचकांनीं तिची उपेक्षा करूं नये अशी विनंति आहे. अशा कामाची एक स्वतंत्र वही ठेवावी. तींत तारीख, वस्तु, कोणाकडून घेतली, मूळची कशाची, किंमत, लागलेले खिळे-बोल्ट व लोहाराची मजुरी, आपले दिवस किती गेले, आणि काय तयार झालें असे रकाने पाडावे. शेवटचा रकाना एका हंगामानंतर भरावा, कीं ती वस्तु प्रत्यक्ष किती दिवस वापरली. कोळप्यापुढें पाऊस पडल्यापासून काढणीपर्यंत जितके दिवस लिहिले जातील, तितकेच बहुधा दिवाणखान्यांतल्या चाकाच्या मेजापुढें लिहिले जाणार नाहींत. पण मेज करण्यांत घरच्या मुलांचे चार दिवस आनंदांत गेले असतील तर त्यासाठींहि एक रकाना पाडण्यास हरकत नाहीं.